सही नाही, सुइट हवा

४ मार्च, सोमवार

आज गोडबोलीने बोलावलं होतं. गोडबोली म्हणजे आमच्या विमान कंपनीत माणसं ठेवायचं आणि काढायचं खातं सांभाळणारी बाई. वयाने माझ्या लेकीएवढी. बोलताना समोरच्याचा हात हातात घेते आणि काम होईपर्यंत सोडत नाही.

"मॅडम, तुम्ही तर आमचा खांब आहात," म्हणाली. मी मनात म्हटलं, खांबाचं कौतुक निघालंय म्हणजे इमारत पाडायचं ठरलेलं दिसतंय.

आणि तसंच निघालं. वार्षिक तपासणीत माझे कान नापास झालेत. मी मुख्य सेविका, विमानातल्या सगळ्यांत पुढच्या केबिनची, जिथे एकेका प्रवाशाला दार असलेला स्वतंत्र सुइट असतो. नियम असा की कान नापास तर कामासाठी विमानात पाय ठेवायचा नाही. पुन्हा एकदा तपासणी द्यायचा हक्क असतो, ती या महिन्याच्या शेवटी. त्यातही नापास झाले तर सरळ काढतील. पण त्याआधी मी स्वतःहून सही करून निवृत्त झाले तर मानाने निरोप, आणि वर भेट म्हणून पहिल्या वर्गाच्या सुइटमधून नवराबायकोचा जाऊन-येऊन प्रवास.

"आयुष्यभर दुसऱ्यांची अंथरुणं घातलीत मॅडम. एकदा स्वतः पडून बघा. परत या, शांत डोक्याने विचार करा आणि मग सही करा."

मी म्हटलं, तिकीट द्या. सहीचं बघू.

सही करायची नाही हे मी जिना उतरतानाच ठरवलं. तिकीट मात्र सोडणार नाही. आयतं ताट वाढलंय, उठून का जाऊ? आधी सुइटमध्ये लोळीन, मग येऊन दुसरी तपासणी देईन, पास होईन आणि पुन्हा गणवेश चढवीन. कानामागून आली नि तिखट झाली असली ही पोरगी मला शांत डोकं शिकवते!

कानांना काहीही झालेलं नाही. तपासणीत हेडफोन लावतात, हातात बटण देतात, आवाज आला की दाबायचं. यंत्रवाला काचेपलीकडे बसतो. इतकी वर्षं त्याच्या भुवया बघून मला नेमकं कळायचं कधी दाबायचं ते. या वेळी त्याने माझी खुर्चीच भिंतीकडे फिरवली. आता भिंतीकडे तोंड करून बसवल्यावर कुणाला ऐकू येईल?

७ मार्च, गुरुवार

मास्तरांना सांगितलं. मास्तर म्हणजे माझे यजमान. शाळेत जन्मभर भूगोल शिकवला, फळ्यावर जगातल्या सगळ्या नद्या काढल्या, आणि प्रत्यक्षात एक खाडी ओलांडली असेल तर शपथ. मी उडत होते तेव्हा लेकीच्या वेण्या त्यांनी घातल्या, तिची आजारपणं त्यांनी काढली. सुइटचं ऐकून त्यांचा चेहरा असा फुलला की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण पुढचं वाक्य मी म्हटलं, "पण मी सही करणार नाहीये."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "जाऊन तर येऊ." एवढंच. एरवी हा माणूस एका प्रश्नाला चार फाटे फोडतो.

निवृत्त झाल्यापासून मास्तर फार लाडात आलेत. पूर्वी न्हाणीघरातून हाका मारायचे, टॉवेल दे, साबण दे. आता काही सांगायचं असलं की हातातलं काम टाकून स्वयंपाकघरात येतात, माझ्या खांद्याला हात लावतात, समोर उभे राहतात आणि मग बोलतात. या वयात हे काय नवीन! पण मी बोलत नाही काही. बरं वाटतं.

टीव्हीच्या आवाजावरून मात्र रोजची जुंपते. मी वाढवते, ते कमी करतात. लोकही हल्ली बोलत नाहीत, पुटपुटतात. बातम्या देणारेसुद्धा.

९ मार्च, शनिवार

लेकीचा निरोप आला, "आई, जाऊन ये, मज्जा कर." निरोप म्हणजे लिहून. फोन करायला हिची बोटं झिजतात का? दोन वर्षं झाली, फोन म्हणून नाही, सगळं टाइप करून. मी रागाने फोन लावला तर ती इतकं सावकाश, एकेक शब्द सुटा सुटा करून बोलत होती की मी म्हटलं, बाई, मी म्हातारी झाले असेन, बालवाडीत गेले नाही.

सगळ्यांचं मत एकच, सही करून टाक. तोंडाने कुणी म्हणत नाही, पण मला न कळायला काय झालं? मी पण बघते. ज्या दिवशी मी सही करीन त्या दिवशी माझ्या मनाने करीन, कुणी हात धरला म्हणून नाही.

१५ मार्च, शुक्रवार

मास्तरांशी पैज लागली. ते म्हणाले, "तुला काही आराम जमायचा नाही. घंटी वाजली की तू उठून पळशील."

घंटीचं असं असतं की प्रवाशाने बोलावलं तर एक सूर, आपल्यातल्या कुणी फोन केला तर दुसरा. सेविकेचं अंग त्या सुरावर आपोआप उठतं. मी एकदा दंतवैद्याच्या खुर्चीतून उठले होते, शेजारच्या खोलीत तसलंच काही वाजलं म्हणून. मास्तरांनी ती गोष्ट अख्ख्या नातेवाइकांत पसरवली.

मी म्हटलं, नाही उठणार. सगळ्या घंट्या वाजू देत, मी राणीसारखी पडून राहीन. उठले तर महिनाभर सकाळचा चहा माझ्याकडे, नाही उठले तर तुमच्याकडे. मास्तर हसले आणि हसता हसता मध्येच थांबले. म्हणाले, "ठीक आहे." हरणार हे आत्ताच कळलं असेल.

२० मार्च, बुधवार. विमानात

आहाहा. लिहिते आहे ती माझ्या स्वतःच्या टेबलावर, माझ्या स्वतःच्या दाराआड. मास्तरांना खिडकीचा सुइट, मला वाटेपलीकडचा मधला. इतकी वर्षं एका घरात भांडलो, आता दोघांना स्वतंत्र घरं मिळाली आणि मधे रस्ता.

केबिनची प्रमुख जिराफ निघाली. माझीच विद्यार्थिनी, उंच म्हणून मी हे नाव ठेवलेलं. तिने मला बघून दोन्ही हात जोडले. "मॅडम, आज तुम्ही काही करायचं नाही."

"करणारच नाहीये. आज मी गिऱ्हाईक आहे. मला नावं ठेवायचीत."

आणि ठेवलीच. सरबताचा पेला उजवीकडून द्यायचा, तो डावीकडून दिला. सुइटचं दार उडण्यापूर्वी खिटीने उघडं अडकवायचं असतं, ते जिराफच्या हाताखालची नवी पोरगी दोनदा विसरली. बाकी सुइट म्हणजे काय वर्णावा! भिंत बसलेल्या माणसाच्या डोक्याहून वर. एक कपाट, एक दिवा, मऊ चपला, खुर्चीचा पलंग होतो आणि पलंगाची खुर्ची. मी हे सगळं हजारदा पुसलं, झटकलं, घडी घातली, पण याच्यात बसून वर बघितलं नव्हतं कधी. वरती छताला बारीक दिवे आहेत, चांदण्यांसारखे. ते उभ्या माणसाला दिसतच नाहीत. एवढी वर्षं मला कुणी सांगितलं नाही.

विमान धावायला लागलं तेव्हा मी हात मांड्यांखाली घालून ताठ बसले. सेविकेने तसंच बसायचं असतं आणि मनातल्या मनात उजळणी करायची: माझं दार कुठलं, आग बाहेर दिसली तर कुठलं, पुढून हुकूम आला की काय ओरडायचं. मी उजळणी पूर्ण केली. मास्तरांना वाटलं मला थंडी वाजते. त्यांनी वाटेपलीकडून पांघरूण फेकलं, ते समोर पट्टा बांधून बसलेल्या त्या पोरीच्या डोक्यावर पडलं.

भरदिवसा अंथरूण घालून घेतलं. पोरगी चादरीचा कोपरा दुमडायला चुकली, मी सरळ करून दिला. एवढं चालतं, घंटीचं ठरलंय, चादरीचं नाही. सूप प्यायले, मासा खाल्ला, द्राक्षं खाल्ली, आणि झोपले. खरंच झोपले! मास्तर मात्र खिडकीला नाक लावून. मध्येच दारात येऊन सांगतात, "अगं, त्रिभुज प्रदेश! मी काढायचो तस्साच आहे!"

एकच गोष्ट खटकली. झोपून उठल्यावर रिकामा कप घेऊन मी पुढे स्वयंपाकाच्या कोपऱ्याकडे निघाले होते. विमान हलत होतं थोडं, ते काय, नेहमीचंच. तर त्या नव्या पोरीने येऊन माझा दंड धरला आणि मला रिकाम्या खुर्चीत बसवून पट्टा लावला. मला! तोंडाने काहीतरी पुटपुटत होती. पुढच्याच क्षणी असा धक्का बसला की कप उडाला. मी तिला सुनावणार होते, पण ती माझ्या खुर्चीला धरून जमिनीवर बसलेली पाहिली आणि सोडून दिलं. माणसाला आधी सांगायचं असतं, मग हात लावायचा. हे मीच यांना शिकवलंय.

असो. पैज जिंकले! अख्ख्या प्रवासात घंटीसाठी एकदाही उठले नाही. खरं तर एकदासुद्धा घंटी वाजली नाही. इतके समंजस प्रवासी माझ्या वाट्याला कधी आले नव्हते. जिराफला म्हटलंसुद्धा, नशीबवान आहेस. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग मास्तरांकडे.

२१ मार्च, गुरुवार. हॉटेलात

सकाळी मी अंथरुणातूनच हुकूम सोडला, चहा आणा, पैज हरलात तुम्ही. मास्तरांनी चहा आणला. समोर बसले. चेहरा सुतकी.

"हरलात म्हणून एवढं?" मी म्हटलं.

"तू जिंकलीस," ते म्हणाले, आणि खिडकीकडे बघायला लागले. मी म्हटलं, काय ते सांगा, मला कोडी घालू नका. त्यांनी माझ्याकडे तोंड केलं.

"घंटी वाजत होती. तुझ्या मागच्या सुइटमधला म्हातारा सारखा बोलवत होता. कधी पाणी, कधी उशी. मी दर वेळी तुझ्याकडे बघत होतो. मनात म्हणत होतो, ऊठ. हरू दे मला."

मी म्हटलं, खोटं.

"आणि पट्टे बांधा म्हणून दोनदा सांगितलं होतं. त्या मुलीने तुला तीन हाका मारल्या. मी पण मारली."

मग मी जे बोलले ते लिहीत नाही. तोंडाला येईल ते बोलले. तुम्ही कंपनीला फितूर आहात असंसुद्धा म्हटलं. हा माणूस ऐकून घेत होता.

शेवटी मी विचारलं, "कधीपासून?"

"झाले बरेच दिवस."

"मग सांगितलं का नाही मला?"

"दोनदा सांगितलं. एकदा तू तीन दिवस अबोला धरलास. दुसऱ्यांदा तुला ऐकू आलं नाही."

मला हसू आलं. त्याचाच जास्त राग आला.

२२ मार्च, शुक्रवार

माझा कुणावर विश्वास नाही, मास्तरांवरही. स्वतः बघितलं. आमच्या खोलीच्या दाराला घंटी आहे. मी बाहेर जाऊन दार उघडं ठेवून स्वतःच्या बोटाने दाबली. बटणावरचा दिवा लागला. बाकी काही नाही. म्हटलं बिघडली आहे, आणि हॉटेलच्या माणसाला बोलावलं. त्याने बटण दाबलं, वर भिंतीवरच्या डब्याकडे बघितलं आणि म्हणाला, "छान वाजते की, बाई."

मी त्याला म्हटलं, पुन्हा दाबा. त्याने दाबलं. मी त्या डब्याला हात लावला तर तळव्याला गुदगुल्या झाल्या. वाजत होती.

दारातच बसले खाली. माणूस घाबरला बिचारा, पाणी आणू का विचारलं असेल. मास्तरांनी त्याला वाटेला लावलं आणि माझ्याशेजारी जमिनीवर टेकले.

आता सगळं उलगडत गेलं. आमच्या दारावर कोण आलं हे मास्तरांनाच कसं कळतं, लेक टाइप का करते, आणि हा माणूस खांद्याला हात लावून समोर का उभा राहतो. मी त्याला लाड समजत होते! सगळ्या घराने मिळून मला सांभाळून घेतलं आणि मी त्यांना पुटपुटे ठरवलं. रडले. भरपूर रडले. नोकरीसाठी रडले, खोटं कशाला बोलू. उद्यापासून मी कोण? गणवेश उतरवला की माझ्यात काय उरतं ते मला माहीत नाही.

संध्याकाळी मास्तर म्हणाले, "यंत्र बसवू कानाला. यंत्र लावून तपासणी देता येते का विचारू."

मी विचार केला. यंत्र लावणार, त्यात लाज कसली, डोळ्यांना चष्मा लावतेच की. पण दारावर उभं राहायचं म्हणजे सरबत द्यायचं नसतं. सरबत हे वरवरचं. धूर झालाय, दिवे गेलेत, माझी पाठ वळलेली आहे आणि पलीकडच्या दारावरून कुणी ओरडलं, इकडे आग आहे, उघडू नको. ते मला ऐकू आलंच पाहिजे. यंत्र निसटलं, ओलं झालं तर? मी उघडीन ते दार. माझ्यामागे माणसं असतील.

नाही. दुसरी तपासणी मी देणार नाही. निकाल मला ठाऊक आहे. आणि हे गोडबोली सांगते म्हणून नाही, मी सांगते म्हणून.

२४ मार्च, रविवार. परतीच्या विमानात

घाईत लिहिते आहे, अक्षर समजून घ्यावं.

येतानाही जिराफच होती. विमान वर स्थिर झाल्यावर ती माझ्या सुइटमध्ये आली, दार लावलं, गुडघ्यांवर बसली आणि अगदी समोर तोंड करून बोलली. म्हणजे तिलाही कळलंय. तिच्या हातात कंपनीकडून आलेला मजकूर होता. आमच्यात निवृत्त होणाऱ्याच्या शेवटच्या प्रवासात केबिनमध्ये सांगतात आणि प्रवासी टाळ्या वाजवतात. मी सही केली नाही अजून, तरी गोडबोलीने निरोप लिहून पाठवला होता! तिला इतकी खात्री.

मी वाचलं. "आमच्या लाडक्या मॅडम यापुढे आपला सगळा वेळ कुटुंबासाठी देऊ इच्छितात, म्हणून..."

डोक्यात तिडीक गेली. कुटुंबासाठी? ज्या कुटुंबाने आजवर एकदा तोंड उघडून वेळ मागितला नाही, त्याच्या नावावर हे खपवायचं? बाईने काम सोडलं की कारण घरच असणार, हे यांच्याकडे छापूनच ठेवलेलं. पुढे सगळे म्हणणार, नवऱ्याने बसवलं घरी. त्या माणसाने मला कधी थांबवलं नाही.

"हे वाचू नकोस," मी जिराफला म्हटलं.

"मॅडम, वरून आलंय. वाचावं लागतं मला."

"मग सांग, म्हातारीने माझ्या हातातून घोषणेचा फोन हिसकावला. ते खरंच होणार आहे."

ती पुढे जाऊन भिंतीवरून फोन काढते न काढते तोच हिसकावला. तिने फारसा घट्ट धरलाच नव्हता. फक्त पुढच्या केबिनचं बटण दाबलं. मागच्या लोकांना माझ्या कानांशी काय देणंघेणं. समोर नुसत्या सुइटच्या भिंती, एकही डोकं दिसत नव्हतं. मी बोलले ते आठवेल तसं लिहून ठेवते.

"नमस्कार. मी या केबिनची जुनी मुख्य सेविका. मी कुटुंबासाठी काम सोडते आहे असं तुम्हाला सांगायचं ठरलं होतं. ते खोटं आहे. माझं कुटुंब तिकडे खिडकीत बसून नद्या बघतंय, त्याला माझी अडचण नव्हती. माझे कान गेलेत. मला ते कबूल नव्हतं, परवा कबूल झालं. तुम्ही झोपता तेव्हा कुणीतरी ऐकत असावं लागतं. मला आता ऐकू येत नाही, म्हणून मी दार सोडते आहे. मला कुणी काढलेलं नाही आणि कुणी घरी बोलावलेलं नाही. उद्या सही करीन, पण कारण माझ्या हाताने लिहीन. कान गेलेत, जीभ गेलेली नाही."

जिराफ हाताने खाली, खाली अशी खूण करत होती. म्हणजे मी ओरडत होते तर.

"आता रिवाज असा की तुम्ही टाळ्या वाजवायच्या. नका वाजवू. मला ऐकू यायच्या नाहीत आणि तुमचे हात फुकट दुखतील. वाटलंच तर नुसते वर करा."

फोन जागेवर लावला. काही झालं नाही. मी म्हटलं, झालं, घाबरवलं सगळ्यांना. मग त्या मागच्या सुइटमधल्या म्हाताऱ्याचा हात भिंतीवरून वर आला, मनगटाला सुटलेली बाही लोंबत होती. मग त्याच्या पलीकडचा, अंगठ्यांनी भरलेला. मग एकदम सगळीकडून. माणसं दिसत नव्हती, नुसते हात, भिंतींच्या वरून, हलणारे. जिराफचा हात तर छताला टेकला. त्या नव्या पोरीने दोन्ही वर केले आणि तिच्या हातातला रुमाल तसाच.

मास्तरांच्या भिंतीवरून मात्र काही येईना. मी वाट ओलांडून गेले. चष्मा काढून ते खिडकीकडे तोंड करून बसले होते, खांदे गदगदत होते. मी त्यांच्या खांद्याला हात लावला, समोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "अहो, रडायचं तर मोठ्याने रडा. नाहीतर मला कसं कळणार?"